डोंगर मागे जात नाहीत (तैलरंग, निसर्गचित्र आणि गुरू)

टूलरूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

वय ४६. भोसरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे, चोवीस वर्षं झाली. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या. पुढे चित्रकलेलाच जायचं होतं, पण घरचं बघून आयटीआयला गेलो. त्याचं दुःख नाही, कामही मनापासून आवडतं. चार वर्षांपूर्वी मुलीसाठी आणलेला तैलरंगांचा बारा ट्यूबचा संच घरात तसाच पडून होता. एका रविवारी तो उघडला, आणि त्यानंतर एकही रविवार सुटलेला नाही. शिकवायला कोणी नाही. बघून, चुकून, खरवडून पुन्हा लावून जे जमलं ते जमलं.

अडचण अशी आहे. राहायला पुण्यात सहकारनगरला असल्याने तळजाई टेकडीवर बसतो. नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, टॉवरसकट. आत्तापर्यंत तीसेक वेळा रंगवला असेल. दर वेळी सिंहगड पुढे येतो. समोरच्या झुडपांच्या डोक्यावर कोणीतरी उचलून ठेवल्यासारखा दिसतो. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत पंधरा किलोमीटर भरतं. कामावर पाच मायक्रॉनचा फरक डायल गेजवर लगेच कळतो, आणि इथे पंधरा किलोमीटर माझ्या चित्रात कुठे जातात तेच कळत नाही.

दोन प्रश्न आहेत. डोंगर मागे कसे न्यायचे? आणि या वयात गुरू शोधावा का? की असंच चालू ठेवावं?

चाफा

दुरून डोंगर साजरे, असं उगीच नाही म्हणत :) पण चित्र टाका की! न बघता काय सांगणार?

टूलरूम

टाकलंय. फोटो ट्यूबलाइटखाली काढलाय, जरा पिवळट आला आहे. मुळात एवढं पिवळं नाही.

पेठेतला

चित्र बघितलं. आकाशाचा खालचा भाग छान उतरलाय. पण स्पष्ट बोलू का? आधी ड्रॉइंग पक्कं करा. दोन वर्षं फक्त पेन्सिल, मग एकरंगी, मग जलरंग, आणि तैलरंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे १८५७ पासून, म्हणजे जे. जे. स्कूल सुरू झाल्यापासून, शिक्षणाची एक पद्धत बसलेली आहे. ती उगाच आलेली नाही. गुरूशिवाय हात वळत नाही. संगीतात कोणी म्हणेल का, की मी तंबोरा आणला आणि एकटाच शिकलो?

रानवाट

पेठेतला, आदर राखून असहमत. ४६ व्या वर्षी, सहा दिवस नोकरी करणाऱ्या माणसाला दोन वर्षं फक्त पेन्सिल चालवायला सांगितली तर तो रंग गुंडाळून ठेवेल. ज्या ओढीने तो टेकडीवर जातो ती ओढच संपेल. चुका रंगात होतायत ना, मग रंगातच सुधारू देत.

आणि राजा रवि वर्म्यांचं काय? त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला होता. त्याने शिकवायला नकार दिला, फक्त काम करताना बघू दिलं. त्या बघण्यावर हा माणूस तैलरंग शिकला. पुढे त्यांचा छापखाना आपल्या मावळातच, मळवलीला आला. लोणावळा लोकलने जाताना ते स्टेशन लागलं की मला दर वेळी हेच आठवतं.

पेठेतला

बघू दिलं ना? मग ते शिकणंच झालं! व्हॅन गॉगचंही लोक असंच सांगतात, की २७ व्या वर्षी सुरुवात केली आणि सगळं स्वतः शिकला. पण हेगमध्ये अँटोन मॉव्ह या डच चित्रकाराने त्याला हाताशी धरून तैलरंगाची ओळख करून दिली, हे कोणी सांगत नाही. एकटं कोणीच शिकत नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

रानवाट

हे मान्य. यावर भांडण नाही.

जुना कॅनव्हास

धागा आवडला. मी निवृत्त आहे. तैलरंगात पस्तीस वर्षं झाली. मीही कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही.

टूलरूम, तुमचा सिंहगड निळा आहे. लांबचा डोंगर निळा दिसतो हे तुम्ही बरोबर पकडलंय. पण तो निळा आणि पुढच्या झुडपातली सावली, दोन्हींचा टोन जवळजवळ एकच आहे. फोटो काळा-पांढरा करून बघा, दोन्ही एकमेकांत मिसळतील. रंग बरोबर असून उपयोग नाही, गडद-फिकं चुकलं की डोंगर पुढे येणारच. मधल्या पंधरा किलोमीटरांत हवा आहे. त्या हवेतून येताना सावलीवर निळसर उजेडाचा पडदा चढतो, म्हणून लांबची सर्वात काळी जागाही जवळच्या सावलीपेक्षा खूप उजळ दिसते. सगळ्यात आधी सावल्या फिकट होतात, उन्हातला भाग त्यामानाने कमी बदलतो. लिओनार्दोने पाचशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय.

एक उपाय सांगतो, खर्च शून्य. जुनं पोस्टकार्ड घ्या, त्याला पंचने दोन भोकं पाडा, मध्ये तीन-चार बोटांचं अंतर ठेवा. हात लांब करून एका भोकातून सिंहगडाची कडा बघा, दुसऱ्यातून जवळच्या झुडपाची सावली. भोवतालचं झाकलं गेलं की मन ‘हा डोंगर, हे झाड’ असं म्हणायचं थांबवतं आणि नुसते दोन डाग उरतात. त्यातला कुठला उजळ आणि किती, हे ठरवा. मला हे एका साइनबोर्ड रंगवणाऱ्या मित्राने दाखवलं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. जो डोंगर मी गडद समजत होतो तो जवळजवळ आकाशाइतकाच उजळ होता.

मिश्रण म्हणाल तर पांढऱ्याच्या मोठ्या गोळ्यात नखावर मावेल एवढा अल्ट्रामरीन आणि त्याहून कमी बर्न्ट सिएना. सिएना नसेल तर निळा बोंबलतो, शाळेच्या भिंतीसारखा दिसतो. मिश्रण पॅलेटवर ठरवू नका. रंग मिसळायच्या नाइफच्या टोकावर घ्या, डोंगराच्या दिशेने धरा आणि एक डोळा मिटून बघा. फरक तिथेच दिसेल.

वहीपेन

जुना कॅनव्हास काका, हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे.

माझी एक शंका. मी मोबाइलवर फोटो काढून घरी येऊन रंगवते, तर लांबचे डोंगर नेहमी मळकट येतात. आणि झाडाखालची सावली पार काळी.

जुना कॅनव्हास

फोटोत सावलीचा तपशील जातोच. प्रत्यक्षात तुम्ही झाडाखाली बघता तेव्हा डोळ्याची बाहुली मोठी होते आणि सावलीतला जांभळटपणा दिसतो. फोनच्या फोटोत ते पुरेसं उतरत नाही. फोटो आठवणीसाठी ठेवा, रंगासाठी नको.

चाफा

इथे माझी थोडी तक्रार आहे. सगळे म्हणतात जागेवर बसून रंगवा. पहाटे साडेसहाला टेकडीवर एकट्या बाईने दोन तास पाठमोरं बसायचं, हे पुरुषांना वाटतं तितकं सोपं नाही. मी दोन वेळा गेले. दोन्ही वेळा चित्रापेक्षा मागच्या पावलांकडेच जास्त लक्ष होतं. तिसऱ्यांदा गेले नाही.

मग गच्चीवर बसायला लागले. कर्वेनगरला आमच्या गच्चीवरून एक गुलमोहर, एक पाण्याची टाकी आणि मागे टेकडीचा तुकडा एवढंच दिसतं. गेल्या दोन वर्षांत तेच चाळीस वेळा रंगवलंय. फ्रेंच चित्रकार मोनेने रूआं शहरातलं चर्च १८९२ ते ९४ मध्ये तीसहून जास्त कॅनव्हासवर केलं, तर माझा गुलमोहर का नको? मे महिन्यात दुपारी चारला टाकीच्या सावलीत गुलमोहराचा लाल परत येऊन पडतो. राखाडी सिमेंटवर गुलाबी झाक. हे मला विसाव्या चित्रात दिसलं. पहिल्या एकोणीस चित्रांत ते तिथेच होतं, पण मी बघितलंच नव्हतं.

रानवाट

ताई, तुमचं म्हणणं पटलं. आम्ही हा विचारच केला नव्हता. रविवारी सकाळी चार-पाच जणांनी मिळून बसायचं ठरवलं तर याल का?

चाफा

नक्की येईन. दुसरी कोणी एक बाई असेल तर आणखी बरं.

वहीपेन

मी आहे ना!

मुठेकाठी

थोडं अवांतर. मी नदी रंगवतो. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. लोक बघायला जातात, मी पॅलेट घेऊन जातो. हे पाणी निळं नसतं. चहात दूध जास्त झालं तर जो रंग होतो तो असतो. येलो ऑकर, बर्न्ट अंबर आणि पांढरा. पण वरती ढगाळ आकाशाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे लाटेच्या पाठीवर करडा आणि पोटात तपकिरी. हे समजायला मला तीन पावसाळे लागले. तोपर्यंत नदी नुसती मातीची सपाट पट्टी दिसायची.

एक सूचना सर्वांनाच. पावसाळ्यात चित्रं कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवू नका. माझ्या नऊ कॅनव्हासना मागून बुरशी धरली, पांढरे-हिरवे ठिपके. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, वारा खेळला पाहिजे. गणपती झाल्यावर ऊन पडलं की पाठ कोरड्या ब्रशने झाडायची. झाडताना तोंडाला रुमाल बांधा.

वहीपेन

आणि तेल कुठलं वापरता सगळे? माझं एक चित्र दोन वर्षं झाली तरी चिकटतंय. वर्तमानपत्र टेकवलं तर त्याची अक्षरं उमटली.

जुना कॅनव्हास

त्यात काय घातलं होतं, खरं सांगा.

वहीपेन

स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल. लिन्सीड, म्हणजे जवसाचं तेल, संपलं होतं, आणि रात्री अकराला दुकान कुठलं उघडं असणार.

जुना कॅनव्हास

अहो, शेंगदाणा तेल वाळतच नाही! तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचा घट्ट पापुद्रा होतो. जवसात, म्हणजे अळशीच्या तेलात, हा गुण आहे. करडईतही आहे, पण कमी. करडई सावकाश वाळते आणि पिवळी कमी पडते, म्हणून काही कंपन्या पांढऱ्या रंगात तीच वापरतात. पण स्वयंपाकाचं रिफाइंड तेल चित्रात घालू नका, चित्रांसाठीचं वेगळं मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिन्सीडही नको. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात आणि चित्र काळवंडतं.

शेंगदाणा तेल वाया घालवू नका मात्र. ब्रश धुवायला ते उत्तम. आधी तेलात चोळून रंग काढायचा, मग साबणाने धुवायचं. टर्पेंटाइन निम्मं वाचतं आणि घरच्यांची डोकीही दुखत नाहीत.

आणि एक नियम, पातळावर जाड. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरच्या थरांत तेल वाढवत जायचं. उलटं केलंत तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. वॉर्निशची घाई नको. सहा महिने तरी थांबा, रंग जाड असेल तर वर्ष.

पेठेतला

यात एक भर घालतो, कारण ही गोष्ट माझ्याच घरात घडली आहे. लिन्सीडने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कधीही कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. माझ्या बाल्कनीतली प्लास्टिकची बादली रात्री हाताला गरम लागली. उघडून बघितली तर आत करपल्याचा वास. तेव्हापासून चिंध्या पाण्यात बुडवून ठेवतो, किंवा कठड्यावर एकेक पसरून वाळवतो. लहान मुलं असलेल्या घरात तर हे कराच.

टूलरूम

पेठेतला, मनापासून आभार. आमच्याकडे कारखान्यात तेलकट चिंध्यांना झाकणाचा वेगळा लोखंडी डबा असतो. रोज भरतो आणि रिकामा करतो, पण घरच्या चिंध्यांशी त्याचा संबंध कधी लावलाच नव्हता. उद्याच एक डबा आणतो.

बदलापूरकर

पुण्याबाहेरचा आहे, आगाऊपणा माफ करा. मागे इथल्याच दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी पुण्यात तैलचित्रांची परंपरा नाही असं म्हणालं होतं, म्हणून लिहितो. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात होता. माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र त्याचंच. त्याच सुमारास शनिवारवाड्यात चित्रशाळा चालायची आणि गंगाराम तांबट तिथलेच. वेरूळच्या लेण्यांची गंगारामांची रेखाटनं आजही अभ्यासली जातात. म्हणजे ज्या शहरात तुम्ही बसलाय तिथलाच मराठी माणूस सव्वादोनशे वर्षांपूर्वी दगड आणि उजेड समोर बसून टिपत होता.

रानवाट

शनिवारवाड्यात चित्रशाळा! हे माहीतच नव्हतं. आता तिथून जाताना वेगळं वाटेल.

जुना कॅनव्हास

परंपरेचं निघालंच आहे तर टूलरूम, एकदा औंधला जाऊन या. आपलं पुण्यातलं औंध नव्हे, साताऱ्याकडचं. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी तिथे श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. रवि वर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. पुस्तकात किंवा फोनवर रंगाचा थर दिसत नाही. तिथे चित्राच्या बाजूला उभं राहून तिरकं बघा. उजेड कुठे जाड लावलाय आणि सावली कुठे जेमतेम काचेसारखी, हे समजतं. तुमच्या चित्रात उलटं आहे. सावल्यांत लोण्यासारखा थर आणि आकाश पातळ. हा एक फरक केलात तरी तुमचं अर्धं काम होईल.

आता गुरूबद्दल. मला गुरू मिळाला नाही. पण दर महिन्याला एक चित्र घेऊन मी त्या साइनबोर्डवाल्या मित्राकडे जायचो. तो चहा सांगायचा, चित्र उलटं करून भिंतीला लावायचा आणि काही न बोलता दहा मिनिटं बघायचा. मग एकच जागा दाखवायचा, बोटाने. पस्तीस वर्षांत मला त्याहून मोठं काही मिळालेलं नाही. तो गेला त्याला आता सहा वर्षं झाली. मी अजूनही चित्र उलटं करून लावतो.

चाफा

काका, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पेठेतला

मी सुरुवातीला जे गुरू-गुरू म्हणत होतो ते हेच असावं. मला नीट मांडता आलं नाही. दोन वर्षं पेन्सिलचा हट्ट मागे घेतो. टूलरूमनी रोज दहा मिनिटं स्केच केलं तरी पुरे.

टूलरूम

मंडळी, तीन आठवड्यांनी परत लिहितोय. दोन रविवार पावसात गेले. काल आकाश धुतल्यासारखं होतं, सव्वासहाला तळजाईवर पोचलो.

पोस्टकार्ड नेलं होतं. भोकं कामावर पाडून घेतली, आठ मिलिमीटरची. एका भोकात सिंहगड, एकात करवंदाची जाळी. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी चार वर्षं सिंहगड म्हणून जे रंगवत होतो ते समोर नव्हतंच. समोर एक फिकट, दुधात नीळ पडल्यासारखा डाग होता. टॉवर तर काळा नाहीच, आकाशापेक्षा जेमतेम गडद. आणि जाळीच्या पोटात तपकिरी-जांभळं अंधारलेलं, ज्यात मी आजवर सरसकट ट्यूबमधला सॅप ग्रीन भरत होतो.

फक्त पाच रंग घेतले. पांढरा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, येलो ऑकर, लेमन येलो. हिरवी ट्यूब घरीच ठेवली. गवताचा हिरवा लेमन आणि अल्ट्रामरीनचा, त्यात ऑकर. काल गवताचे शेंडे पिवळे पडायला लागलेले दिसत होते, ते ट्यूबच्या हिरव्यात कधीच आले नसते. आठला सावल्या सरकल्या, तिथे थांबलो. आधी मी दहापर्यंत रेटायचो आणि एका चित्रात सकाळच्या दोन वेगळ्या वेळा रंगवल्या जायच्या.

एक सातआठ वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर फिरायला आला होता. बराच वेळ मागे उभा राहून त्याने विचारलं, “काका, ते वाकडं झाड का नाही काढलं?” समोर खरंच एक वाकडं झाड होतं, गणेरीचं असावं. चित्रात ते मी गाळलं होतं, कारण मला ते आड येत होतं. त्याला सांगितलं, इथे बस आणि कुठे काढायचं ते दाखव. त्याने बोट ठेवलं, ओल्या आकाशातच. बोटाला निळा लागला आणि आकाशात ठसा उमटला. झाड तिथेच काढलं. ठसा झाडाच्या फांद्यांमध्ये राहू दिलाय.

फोटो टाकतो, या वेळी दिवसाच्या उजेडात. काळा-पांढरा करूनही बघितला.

रानवाट

गेला! सिंहगड गेला मागे!

वहीपेन

मधली हवा दिसतेय. खरंच दिसतेय. आणि ते वाकडं झाड नसतं तर डोंगर एवढा लांब वाटला नसता.

मुठेकाठी

टॉवर सुंदर. एवढाच हवा होता.

जुना कॅनव्हास

बघितलं. दहा मिनिटं, उलटं करून. डाव्या कोपऱ्यातल्या खडकाची उन्हातली कडा, तेवढी एक जागा. तिथे पांढरा निव्वळ वापरलाय, त्यात कणभर ऑकर घाला. बाकी हात लावू नका.

टूलरूम

घातला. फरक पडला काका. खडक उन्हात तापल्यासारखा दिसायला लागला.

चाफा

मग येत्या रविवारचं काय? तळजाई, सव्वासहा? मी आणि वहीपेन मिळून रिक्षाने येतोय.

पेठेतला

मी येतो. पेन्सिल घेऊन.

जुना कॅनव्हास

मीही येईन, पण चढ सावकाश चढणार, थांबू नका माझ्यासाठी. माझ्याकडे एक जादाचं लाकडी ईझल आहे, ज्याला लागेल त्याला देतो. त्याचा मागचा पाय मात्र ढिला झालाय. टूलरूम, सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि विंगनट घेऊन या.

टूलरूम

दोन आणतो. वॉशरसकट.